मॅगीबाईंच्या गावचे काळे दगड

धरणविरोधी सभेसाठी कोकणात आमच्या गावी गेले आणि चुलीच्या धुराचा वास आला, की मला दुबईच्या करामा वस्तीतल्या आमच्या स्कॉटिश शेजारीण मॅगीबाई आठवतात. नव्वदच्या दशकात एका संध्याकाळी त्यांनी आपल्या गावचा फोटो दाखवला. टेकडी, चर्च आणि दगडी मेंढवाडा.

"दगड काळे कसे?" बाबांनी विचारलं.

"चुलींचे आहेत. जमीनदाराने मेंढ्यांसाठी गाव उठवलं आणि घरांच्याच दगडांचा हा मेंढवाडा बांधला. माणसं कॅनडाला गेली."

बाबा दुसऱ्या दिवशी धरणाला आमची गावची जमीन द्यायचा होकार कळवणार होते. ते आईला म्हणाले, "पोटासाठी दुबईला आलोच आहोत. परतायला तरी जागा राहू दे. होकार-बिकार खलास."

मला तेव्हा फक्त मेंढ्या गोड वाटल्या होत्या. आज त्याच जमिनीवर उभी राहून धरणवाल्यांना शिव्या घालते, पण आधी मनात मॅगीबाईंचे आभार मानते.