नातीशेजारची खुर्ची

माझ्या विहीणबाई साठी उलटल्यावर बर्फावर घसरायला शिकल्या. त्याला तिकडं स्कीइंग म्हणतात. लेक-जावई कॅनडात, विहीणबाई कायमच्या त्यांच्याजवळ, अन् मी जिंतूरहून एका हिवाळ्यापुरती गेलेली पाहुणी. लेक माझी, बाळंतपण माझ्या घरी झालं, पण सहा वर्षांच्या नातीची 'आजी' म्हणजे त्याच. मी 'जिंतूरची आजी'. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात. दूध मी तापवलं अन् साय खायला ह्या बसल्या! लय राग यायचा.

सुट्टीच्या दिवशी गाडीत डबे भरून आमी नवेनवे डोंगर पालथे घालायचो. काही नुसती टेकाडं, आमच्याकडं चारठाण्याच्या वाटेवर लागतात तेवढीच. तिथं एक दोरी फिरायची, ती धरून पोरं वर जायची. काही डोंगर एवढे मोठे की बघताना मान दुखायची. डोंगर लहान असो की मोठा, माझं काम एकच, खाली हॉलमध्ये काचेजवळ बसून धपाटे सांभाळायचे. गुलाबी कोटातल्या विहीणबाई वरून सर्रकन यायच्या, मागं नात खिदळत. "ताई, तुम्ही पण शिका ना, सोप्पंय!" सोप्पंय म्हणे! तुमचे गुडघे खुर्चीवर बसून राखलेले, माझे कापूस वेचून झिजलेले. हे मनातच. तोंडानं म्हणायची, "तुमीच करा, तुमाला शोभतंय."

मोठ्या डोंगरावर तर जीव जास्तच जळायचा. तिथं वर जाणाऱ्या लोखंडी दोराला दोघादोघांच्या खुर्च्या टांगलेल्या. एकीत लेक-जावई, मागच्या खुर्चीत नात अन् विहीणबाई. लहान लेकराला एकटं सोडत न्हाईत, शेजारी मोठं माणूस लागतंच. तेवढी एक जागा मला पाहिजे होती. वर पोचेपर्यंत नात कुठं पळणार? तेवढा वेळ तरी ती माझीच.

एका शनिवारी जड बूट घालायला वाकल्या अन् विहीणबाईंच्या कमरेत उसण भरली. "आई गं!" करून बाकावर आडव्या झाल्या. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. गावात तर लोक मला हातातलं काम टाकायला लावून न्यायचे.

"आई, लाव की पाय," लेक म्हणाली.

"इथं चारचौघात विहिणीला लाथ मारू का? बरं दिसतं का ते? घरी गेल्यावर बघू," मी म्हणलं. अन् लागलीच म्हणलं, "पोरीशेजारी मी बसते." नुसतं बघायला जाणाऱ्यालाही त्या खुर्चीत बसता येतं, हे मी कधीच विचारून ठेवलं होतं.

खुर्ची जमिनीवरून उचलली तसा मी नातीचा हात घट्ट धरला. काय बोलू अन् काय नको असं झालेलं. शेतातल्या बोरीचं सांगितलं, शेजारच्या म्हशीचं सांगितलं. ती म्हणाली, "इथे आजी गाणं म्हणते." मग मी गाणं म्हणलं. "हे नाही, ते दुसरं." ते दुसरं मला येत नव्हतं. वर पोचताच तिनं हात सोडवून घेतला अन् आई-बापामागं उताराला लागली. मागं वळून सुद्धा बघितलं न्हाई.

माझ्यासारख्यांनी खुर्चीतनंच परत यायचं. सगळे वर चाललेले, खाली येणारी मी एकटीच. शेजारची जागा रिकामी. समोरच्या खुर्च्यांतली माणसं हसून हात हलवायची. मेल्यांनो, काय बघताय!

नात माझ्याआधीच खाली पोचलेली. मला बघितलं अन् तशीच धावत आली, दोन्ही हातांनी माझा हात धरला, सगळा जोर लावून. मला वाटलं, आली बाई माझी! तिनं मला ओढत थेट बाकापाशी नेलं.

"आई म्हणते, तू आजीला बरं करू शकतेस. लवकर पाय लाव ना. मला तिच्याबरोबर वर जायचंय."

विहीणबाई पालथ्या झाल्या. मी बूट-मोजा काढला अन् पाय लावला. जरा जोरातच लावला.