आप्पांची आवृत्ती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मला बाहेर खाल्लेला वडापावसुद्धा लपवता येत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही.

जुन्या रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या ओळखणं हा माझा छंद. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांचं काचेचं कपाट आहे. पाहुण्यांना चहाच्या आधी ते बघावं लागतं. मधोमध माझा मानबिंदू — एका गाजलेल्या रहस्यकथेची पहिली आवृत्ती. आवृत्तीचं पान कधीच गळून गेलेलं. मग पहिली कशावरून? मी म्हणतो म्हणून. आमच्यात दुसरा जाणकार आहेच कोण?

एकदा कर्जतहून दाजी आले. माझ्या बहिणीचे यजमान, शेतीतला सरळ माणूस. पिशवीतून त्यांनी तीच कादंबरी काढली, त्यांच्या वडिलांची. आप्पा मरेपर्यंत सांगायचे, की पुस्तक निघाल्या निघाल्या नगरच्या स्टँडवर मी घेतलं. पण आप्पा गप्पिष्ट. त्यांचं कुणी खरं धरत नसे. पुस्तक टिकावं म्हणून त्यांनी पुढची पानं खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवून टाकलेली. आवृत्तीचं पानही त्यातच गेलेलं.

"बघा पाव्हणं," दाजी म्हणाले, "आप्पांचं खरं हुतं, का हीबी थापच?"

मी भिंग घेतलं. गरज नव्हती, पण जाणकाराला शोभतं. शेवटचं पान उघडलं. तिथं लेखकाच्या पुढच्या पुस्तकाची जाहिरात — 'लवकरच येत आहे'. माझ्या प्रतीत त्याच जागी 'प्रसिद्ध झाले' असं आहे. म्हणजे काय? त्यांची प्रत आधी छापलेली. माझी नंतरची. आणि या कादंबरीच्या आवृत्त्या निघाल्या दोनच. कपाटातला मानबिंदू — दुसरी आवृत्ती.

एक वाक्य बोलायचं होतं. आप्पांचं खरं होतं, एवढंच. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी — मी भिंग पुसलं, आणि म्हणालो, "दुसरी आहे, दाजी."

"म्हातारा जाता जाताबी गंडवून गेला," म्हणत दाजी हसले. पुस्तक पिशवीत घातलं. पोहे मात्र तसेच राहिले त्यांचे.

तेव्हापासून आमच्याकडे कुणी थाप मारली की तिला 'आप्पांची आवृत्ती' म्हणतात. भाचा उशिरा येतो, म्हणतो एसटी पंक्चर झाली — आप्पांची आवृत्ती. सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसत असेल?

परवा दाजींच्या घरी नवे व्याही जेवायला होते. दाजी कौतुकानं त्यांना सांगत होते, "आमचं आप्पा लई थापाडं. ह्या पाव्हण्यांनी बराबर पकडलं." व्याह्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी काय केलं? श्रीखंड वाढून घेतलं.

आप्पा थाप मारत नव्हते. पुस्तक पहिल्या आवृत्तीचंच होतं. मी ते ओळखलं होतं, आणि नाही म्हणालो.