मागचे पाय मी धरले

आमची भुरी मांजर आजाराने गेली, असे घरात सांगतात. आजार होता, हे खरे आहे. नाक गळत होते, डोळे चिकटले होते आणि श्वास घेताना पोट खोल आत जात होते. पण त्या आजारात तिने चार दिवस काढले होते. विळ्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली.

सासूबाईंनी तिला पाहिले आणि सांगून टाकले, "हिले डब्बा झाला." आमच्याकडे लहान लेकराची छाती भरली, पोट उडायला लागले की त्याला डब्बा म्हणतात आणि विळा तापवून पोटावर डाग देतात. माझ्या पोटावर तसे तीन डाग आहेत. आई म्हणायची, "त्यानंच तू जगली." माझ्या पाठच्या भावालाही डाग दिले होते. तो गेला. त्याच्याबद्दल आई म्हणायची, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." जगले तर विळ्याने जगले, मेले तर आयुष्य सरले. विळा कधी चुकतच नाही. हा हिशेब खोटा आहे हे मला चौथीत असतानाच कळले होते. पण मला माणसांत बोलता येत नाही. तोंड उघडायच्या आधीच कान तापतात.

धान खळ्यावरून घरी आले होते. बांबूच्या विणीचा, शेणाने लिंपलेला आमचा ढोला काठोकाठ भरला होता. सासूबाईंनी विळ्याचे पाते चुलीत सरकवले. यांनी भुरीचे डोके पोत्यात गुंडाळून पुढचे पाय दाबले. मला हुकूम झाला, "मागचे पाय धर."

मी धरले. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. मी खाली बसले आणि धरले. केस जळल्याचा वास आला. तिने अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून माझ्या मनगटावर नख ओढले आणि सुटून ढोल्यामागे गेली. तिच्यापुढे मी वाटीत पेज ठेवत होते. पहिल्या दिवशी तिने मान वळवली. दुसऱ्या दिवशी तीही वळवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटीला मुंग्या लागल्या होत्या आणि तिलाही.

हे तिला शेतातल्या तळ्याच्या, बोडीच्या पाळीवर टाकून आले. हात धुतले, जेवायला बसले आणि म्हणाले, "वरणात मीठ नाई." त्या मिठाचा राग मी किती वर्षे वागवला ते माझे मला माहीत.

त्याच दुपारी गल्लीच्या टोकाची म्हातारी बाई सासूबाईंकडे बसायला आली. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने सासूबाई म्हणाल्या, "विळा बराबर लाल होता वो. सुनेनं पाय ढिल्ले धरले. डाग आडवा गेला, मंग का करते?"

म्हातारी म्हणाली, "आजकालच्या पोरीइच्या हातात जोरच नाई."

माझ्या हातातले सूप थांबले. मग पुन्हा सुरू झाले. एवढेच मी केले.

आठ दिवसांत उंदरांनी ढोल्याचे लिंपण कुरतडले. खाली धानाची बारीक धार लागली. हे म्हणाले, "मांजर आना लागते." केरसुणी झिजली, नवी आणा, तसे म्हणाले. माझ्या मनात आले, खाऊ द्या उंदरांना. सगळे धान खाऊ द्या. या घरात आता कोणतेच जनावर येऊ नये. पण मनात आलेले मनातच राहिले आणि मांजर आणायला मलाच पाठवले. कारण मांजर घरच्या बाईनेच आणायचे असते. पिलाच्या आईपुढे मूठभर तांदूळ ठेवायचे, पिलू टोपलीत घालून वर लुगड्याचा धडपा बांधायचा, म्हणजे त्याला वाट दिसत नाही आणि ते परत जात नाही.

पिले त्याच म्हातारीच्या घरी झाली होती. तिने एक कबरे पिलू मानेला धरून माझ्या टोपलीत टाकले.

"ने बाई. पन याचे पाय तरी घट धरजो," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

मी धडप्याची गाठ बांधली. दोनदा बांधली. टोपली डोक्यावर घेऊन निघाले तेव्हा पिलू आतून ओरडत होते आणि मला रस्ता नीट दिसत नव्हता.

घरी सासूबाईंनी त्याला चुलीभोवती आणि ढोल्याभोवती तीन फेरे घातले, पायांना तूप लावले. पायावरचे तूप चाटत बसले की मांजर घरचे होते, असे म्हणतात. ते चाटत बसलेही. मग थेट ढोल्यामागे गेले आणि भुरी जिथे मेली होती तिथेच वेटोळे करून झोपले. मला त्याचा इतका राग आला की मी वाटी लांबूनच ढकलली. त्याचा काय दोष होता? काही नाही. पण त्या दिवसांत माझ्या रागाला लहान जिवावरच जागा मिळत होती. मोठ्यांपुढे तो नुसता पदर सावरत उभा राहायचा.

पिलू मात्र माझ्याच मागे लागले. मी भांडी घासायला बसले की माझ्या लुगड्याच्या काठाशी खेळायचे. मी पाय झटकायची. ते दोन हात लांब जाऊन बसायचे आणि पुन्हा यायचे. मी शेवटी पाय झटकायचे सोडले. पहिला उंदीर त्याने धरला तोही माझ्याच पुढ्यात आणून टाकला. सासूबाई म्हणाल्या, "पाह्यलं? फेऱ्याइचा गुन हाय."

थंडी वाढली आणि एका सकाळी पिलाचे नाक गळताना दिसले. दुसऱ्या दिवशी डोळे चिकटले. मी गरम पाण्याने डोळे पुसले, त्याला पदराखाली घेऊन चुलीजवळ बसले, कोणाला दिसू नये म्हणून. पण खोकला पदराखाली झाकता येत नाही.

सासूबाईंनी वाकून पाहिले. "यालेबी डब्बाच," त्या म्हणाल्या आणि आढ्याला खोचलेला विळा काढला. चुलीवर भात रटरटत होता. त्यांनी भांडे जरा बाजूला सरकवून पाते निखाऱ्यात घातले. मग यांना हाक मारली. "बाबू, पोतं आन."

हे पोते घेऊन आले. माझ्या पदरातून त्यांनी पिलू काढून घेतले. मी काढू दिले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू मागचे पाय धर. अन् या खेपेले घट धर. मागच्या बारीले तुझ्याच हातानं मेली ते."

भुरीचे पुढचे पाय यांनी दाबले होते, तिचा डाग कुठे लागला ते यांनी पाहिले होते. आडवा नव्हता, सरळ पोटावर होता. हे नुसते पोत्याची घडी करत राहिले.

पाते लाल झाले होते. माझ्या उजव्या हाताला पाण्याची घागर होती, विहिरीवरून नुकतीच भरून आणलेली. मी ती उचलली आणि चुलीत ओतली. सगळी. भातासकट.

असा आवाज झाला की मीच मागे सरले. राख उडून छताला गेली. धुराने कोणाला कोणी दिसेना. यांच्या हातातून पिलू सुटले, ढोल्यावर चढले आणि तिथून माळ्यावर गेले. विळा पाण्यात चर्र करत होता.

चूल आमच्याकडे पाण्याने विझवत नाहीत. निखारे राखेखाली झाकून ठेवतात. घरात माणूस मेले तरच तिच्यावर पाणी. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतले. "कोन मेलं वो? कोन मेलं माह्या घरात?"

"भुरी मेली," मी म्हणाले.

त्या घरात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. हे माझ्याकडे असे पाहत राहिले, की जणू ढोला बोलला.

पाण्याने विझलेली चूल घरच्या काडीने पेटवायची नसते. दुसऱ्या घरचा इस्तो मागून आणावा लागतो. सासूबाई म्हणाल्या, "विझवली तिनं, आनन तीच." त्यांना वाटले असेल, ही गल्लीत तोंड दाखवायला लाजते, हिला तेवढी शिक्षा पुरे. मी गोवरी हातात घेतली आणि म्हातारीच्या दारात गेले. अंगभर राख होती.

"काऊन वो बाई? चूल कशी का विझली?"

"मीच पानी टाकलं."

"चुलीत?" तिने छातीवर हात ठेवला. "काऊन?"

"पिलाचे पाय धरा लागू नये म्हनून," मी म्हणाले. "अन् भुरीचे म्या घटच धरले होते. ढिल्ले नाई. ढिल्ले धरले असते तं ते वाचली असती."

म्हातारी हसली नाही. तिने चिमट्याने दोन निखारे माझ्या गोवरीवर ठेवले.

त्या दिवशी भात उशिरा झाला आणि कोणी नीट जेवले नाही. पिलू चार दिवस माळ्यावरून उतरले नाही. मी शिडीवर चढून पेज ठेवत होते. पाचव्या दिवशी हाडांचा सापळा होऊन खाली आले आणि माझ्या लुगड्याच्या काठाशी बसले. सासूबाई म्हणाल्या, "त्याचं आयुष्य होतं." विळ्याचे नाव निघाले नाही. विळा आढ्यालाच होता. त्याच्यावरचा गंज मी घासून काढला नाही.

पुढे कितीतरी दिवस सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, आमच्या सुनेने जळत्या चुलीत घागर रिचवली. बाया माझ्याकडे वळून पाहायच्या. माझे कान तापायचे, पण मी मान खाली घालत नव्हते. ही तक्रार खरी होती.

मनगटावरची भुरीची रेघ पांढरी होऊन राहिली आहे. यांच्यावरचा राग मी पुष्कळ वेळा सोडला, सासूबाईंवरचाही थोडा सोडला. त्या रेघेकडे पाहिले की जो येतो तो माझ्यावरचा आहे. पाण्याची घागर तेव्हाही माझ्या हाताशीच होती.