नाकावरचा पदर

परवा सीवूड्सच्या मॉलबाहेर तो वास आला. आंबवलेला टोफू तळत होते. निम्मे लोक रांगेत, निम्मे नाक दाबून पळतायत. मी खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला.

हा वास मला पहिल्यांदा भेटला तो वाशीच्या एका खाद्यमहोत्सवात, आईसोबत. जन्मभर सुकट-बोंबील विकलेली माझी आई, आणि तिनेच पदर नाकाला लावला! "ई गो, काय सडलंय हे?"

टोफू तळणाऱ्या मुलीने ते पाहिलं आणि ओशाळून पंखा पलीकडे वळवला. आईचा पदर झटक्यात खाली आला. बाजारात आपल्या पाटीसमोर नाक धरणाऱ्या गिऱ्हाइकाला ती कधी माल देत नसे. ती पुढे झाली. "एक पलेट दे गो. कितना दिन रखती? मीठ कितना?" मग आंबवण्या-वाळवण्यावरून दोघींचं मोडक्यातोडक्या हिंदीत बराच वेळ चाललं.

आईने शेवटचा तुकडासुद्धा संपवला. परतताना मी विचारलं, "आवडलं?"

"छ्या! घान हाय."

"मग संपवलंस कशाला?"

"ती बघत व्हती ना."