समोरून येणारे काका

आमच्या घराजवळच्या फाटकातून निघणारी ती वाट चालायला अगदी सोपी आहे. चढ-उतार नावालाच. आधी झाडीत शिरते, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडते, वरच्या फाटकाशी बाहेर पडते आणि मोकळ्या हिरवळीवरून, तळ्याला वळसा घालून पुन्हा आमच्या खालच्या फाटकाशी येते. गुडघेदुखीवालेही तासाभरात फिरून येतात. फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय, 'कोणत्याही बाजूने सुरुवात करावी.' पाटी लिहिणाऱ्यानं आमचं घराणं पाहिलेलं नसणार.

माझे काका वरच्या फाटकाजवळ राहतात. धंदा किल्ल्यांचा. बाजारातल्या गल्लीत जिन्याखाली त्यांचं दुकान, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. काका किल्ल्या कापायचे आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे बाबा, लोकांच्या घरी जाऊन अडकलेली कुलपं उघडून द्यायचे. काकांच्या बोटांना पितळेचा वास यायचा. लहानपणी त्यांनी गाल ओढला की दिवसभर तो वास नाकात राहायचा. किल्ली कापून झाली की फुंकर मारून ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "नाही लागली तर कुलूप बदला." लोक हसायचे. काका हसायचे नाहीत, कारण तो विनोद नव्हता. आपल्या हातची किल्ली चुकूच शकत नाही असं त्यांचं ठाम मत होतं आणि किल्ल्यांपुरतं ते खरंही होतं. पंचाईत अशी की बाकी सगळ्या बाबतीतही त्यांचं मत तेच होतं.

आजी काकांकडे असायची. ती शेवटची आजारी पडली तेव्हा बाबा परगावी एका नव्या इमारतीत कुलपं बसवायला गेले होते. काकांनी त्यांना कळवलं नाही. काम अर्धवट टाकून येईल, उगाच त्याच्या जिवाला घोर, असा त्यांचा हिशेब. आजी दाराकडे बघून विचारत राहिली, "धाकटा आला का?" काका सांगत राहिले, "येतोय, येतोय." बाबा आले तेव्हा तिची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

बाबांनी एवढंच विचारलं, "मला कळवलं का नाहीस, दादा?"

काका थकलेले असतील, रात्ररात्र जागलेले असतील, सगळं मान्य. पण त्यांनी उत्तर दिलं ते असं: "तू येऊन काय करणार होतास? तू काय डॉक्टर आहेस?"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बाबांनी आपली हत्यारांची पेटी उचलली, दुकान सोडलं आणि वेगळं काम धरलं. आई आणि काकू मात्र फोनवर तासन् तास बोलायच्या. नवऱ्यांच्या अबोल्यानं त्यांना जन्मभराचा विषय मिळाला होता. आईनं बाबांना समजावून पाहिलं की बाबांचं एकच म्हणणं असायचं. "मला दुसरं काही नको. दादानं तेवढं वाक्य मागे घ्यावं, मी त्याच क्षणी त्याच्या दारात उभा राहीन." हे काकूमार्फत काकांच्या कानावर गेलं होतं. काका मूग गिळून बसले. एक वाक्य मागे घ्यायचं तर त्यांच्या जिवावर येत होतं.

आणि तरी फिरायला दोघंही त्याच वाटेवर जायचे. पूर्वी बरोबर जायचे. अबोला धरल्यावर काका त्यांच्या फाटकातून आत यायचे ते झाडीकडे वळून, आणि बाबा आमच्या फाटकातून, तेही झाडीकडे वळून. म्हणजे एकमेकांच्या उलटे. मग व्हायचं काय, की ओढ्याच्या पुलाशी दोघं समोरासमोर यायचे, आणि अर्धी वाट संपवून तळ्याशी पुन्हा यायचे. रोज दोनदा भेटायचं आणि दोनदा बोलायचं नाही. पूल अरुंद. एकानं थांबून दुसऱ्याला वाट द्यायची, तीही खाली मान घालून. बाजूनं जाताना काका हातातली छत्री बाबांच्या बाजूच्या हातात घ्यायचे, मध्ये कुंपण घातल्यासारखी. पावसाचा पत्ता नसला तरी छत्री असायचीच.

मी एकदा बाबांना म्हटलं, "तोंड बघायचं नाही ना काकांचं? मग ते जातात त्याच दिशेनं तुम्हीही जा. ते अर्धी वाट पुढे, तुम्ही मागे. जन्मात गाठ पडणार नाही."

बाबा बूट चढवत होते. म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

तेव्हा खरंच कळलं नव्हतं. तोंड बघण्यासाठीच तर जात होते दोघं.

बाबा गेले ती सकाळ साधी होती, ऊनही बरं पडलं होतं. त्यांना वाटेत घाम फुटला. पुलाच्या अलीकडे बाक आहे, तिथे ते बसले. कुत्रं घेऊन फिरणाऱ्या एका बाईंनी त्यांना पाहिलं. ओढ्याच्या खोलगटात फोन लागत नाही, म्हणून त्या म्हणाल्या, "मी पळत जाऊन कुणाला तरी बोलावते." बाबांनी त्यांना थांबवलं. "नको, बसा. माझा भाऊ येतोच आहे एवढ्यात. आला की जाईन त्याच्याबरोबर."

बाई बसल्या. कुत्रंही बसलं. थोड्या वेळानं त्या पुन्हा उठल्या तर बाबा म्हणाले, "तो वेळ चुकवत नाही हो. पाच मिनिटं बसा." मग त्यांचं डोकं बाईंच्या खांद्यावर आलं आणि बाई आरडाओरडा करत फाटकाकडे धावल्या. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर सांगता येत नाही. असं कुणी बोललं की पुढे काही विचारता येत नाही.

काका दुपारी आमच्याकडे आले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडला. बाबांच्या खुर्चीत न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसले, छत्री मांडीवर आडवी. आईनं पाण्याचा पेला पुढे केला तो त्यांनी नुसता धरून ठेवला.

"काल तळ्याशी दिसला तेव्हा छातीवर हात ठेवून चालत होता," काका म्हणाले. "मी घरी जाऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, उद्या त्याच्याबरोबर चालल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका. म्हटलं, ठीक आहे. उद्या बोलतोच. चुकलं म्हणतो आणि मोकळा होतो."

"मग?" मी विचारलं.

"समोरासमोर नसतं जमलं मला. बरोबर चालताना पुढे बघत बोलता येतं. म्हणून आज मी उलटा गेलो, तो जातो त्या दिशेनं. तळ्याशी जाऊन बसलो. म्हटलं, येईल मागून, उठेन नि बरोबर चालायला लागेन."

"सरळ आमच्या फाटकाशी येऊन उभं राहायला काय झालं होतं?"

काका पेल्यात बघत म्हणाले, "ठरवून आलोय असं दिसलं असतं."

माझ्या अंगाची आग झाली. बाबा पुलाशी बसून यांची वाट बघत होते आणि हे तळ्याशी बसून बाबांची. आयुष्यभर सरळ गेलेला माणूस नेमका आजच उलटा गेला, तोही चांगलं काही करायचं म्हणून.

"मी तिथं असतो तर..." काका म्हणाले.

त्यांचंच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तुम्ही असून काय करणार होतात? तुम्ही काय डॉक्टर आहात? आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ते गिळलं. पण पुढे काकांनी मलाच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला का गं तो?" आणि आईनं डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं. काकांना काय सांगावं आणि काय सांगू नये, उगाच त्यांच्या जिवाला घोर नको, हे आता आम्ही ठरवणार होतो. अगदी त्यांच्यासारखंच. मला ते मुळीच मान्य नव्हतं. या घरात कुणाचं काही लपवून आम्ही पुष्कळ भोगलं होतं.

मी सगळं सांगितलं. बाईंना कसं बसवून ठेवलं ते, पाच मिनिटं कशी मागितली ते, वेळ चुकवत नाही म्हणाले तेही. कुठे शब्द मऊ केला नाही. आई उठून आत गेली.

काका रडतील असं वाटलं होतं. ते रडले नाहीत. पेला खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या बाजूला तोंड करून बसला होता?"

"पुलाकडे," मी म्हटलं. "तुम्ही येता त्या बाजूला."

काकांनी मान हलवली. मग कितीतरी वेळ ते मांडीवरची छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले, आणि मी त्यांना चहाचंसुद्धा विचारलं नाही.