गुरुवारची दुरुस्ती

नवरा-बायको दोघंही दातांचे डॉक्टर असले की घरात कुणाला मनमोकळं हसायची सोय नाही, असं त्यांच्या सुनेचं म्हणणं. पाहुण्याने तोंड उघडायचा अवकाश, दोघांची नजर थेट दाढेवर! दवाखाना एकच, खुर्च्या दोन, मध्ये प्लायवुडची भिंत. पेशंटांची ओढ मात्र डॉक्टरांच्या बाजूला. त्यांचा हात हलका, हे पोस्टमास्तरांपासून भाजीवाल्यापर्यंत चार गल्ल्यांत ठाऊक होतं. बाईंना त्याचा कधी हेवा वाटला नाही. आपल्या नवऱ्याचं काम त्या इतरांना दाखवत फिरायच्या.

तेहतीस वर्षं भिंतीपलीकडचं ड्रिल ऐकून बाईंचा कान तयार झालेला. डॉक्टर कीड काढताहेत की कड घासताहेत, हे त्या न बघता सांगत. गेल्या वर्षी तो आवाज अडखळू लागला. हात दातावर जड पडला की ड्रिलचा सूर खाली येतो, तसा तो मध्येच खाली यायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. बाईंनी विषय काढला की डॉक्टर म्हणायचे, गोळी लागू पडलीय, अजून एक वर्ष तरी करू दे. ज्या माणसाला सुट्टीच्या दिवशी काय करावं ते सुचत नाही, त्याला ‘नाही’ कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मग बाईंनी भलतंच काम अंगावर घेतलं. गुरुवारी डॉक्टरांची सुट्टी. आठवड्यात ज्याच्या दाढेवर ड्रिल अडखळलं असेल, त्या पेशंटला बाई त्या दिवशी बोलावून घ्यायच्या, ‘पॉलिश राहिलंय’ म्हणून. खुर्चीत बसवून डॉक्टरांनी भरलेलं सिमेंट काढायचं, आत राहिलेली कीड साफ करायची, दाढ नव्याने भरायची. पेशंटला काही सांगायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच. शुक्रवारी पेशंट रस्त्यात डॉक्टरांना भेटून म्हणायचा, दाढ अगदी फर्स्टक्लास झाली. डॉक्टर हरखून घरी यायचे आणि बाईंना सांगायचे. बाई भाजी चिरता चिरता ऐकून घ्यायच्या. हे प्रेम होतं, पण ते दुसऱ्यांच्या तोंडात चाललं होतं, हे त्या स्वतःला कळू देत नव्हत्या.

कळलं ते बासरी शिकवणाऱ्या एका मास्तरीणबाईंमुळे. त्यांच्या दाढेवर काम करताना ड्रिल निसटलं आणि खालचा ओठ आतून फाटला. पलीकडे सूर तुटला तेव्हाच बाई हातातलं टाकून धावल्या. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. टाके बाईंनीच घातले. तोंडाला कापूस लावलेल्या त्या मास्तरीणबाई कशाबशा म्हणाल्या, “डॉक्टरांना बोलू नका हं. मीच हलले असेन.”

ती हलली नव्हती. बासरी वाजेल की नाही याची जिला धास्ती, तीच चूक आपल्या अंगावर घेत होती, कारण तिचा डॉक्टरकीवर विश्वास होता. बाईंना स्वतःची किळस आली. त्या दुपारी त्यांनी डॉक्टरांना शेवटचं विचारलं, आता थांबायचं ना? ते म्हणाले, ती हलली, तीच म्हणाली ना. बाईंनी दंत परिषदेला पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी तसं त्यांना सांगितलं. सोबत जोडलेल्या यादीबद्दल मात्र बाईंची जीभ रेटली नाही.

चौकशीला तीन सभासद होते. अध्यक्ष कॉलेजात दोघांच्या मागच्या वर्गातले, त्यामुळे त्यांचीही मान वर होत नव्हती. नियमाप्रमाणे त्यांनी पत्राची आणि यादीची प्रत डॉक्टरांच्या हातात दिली. सतरा नावं, पुढे तारखा. सगळे गुरुवार. डॉक्टरांनी ती वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. कागद एवढा थरथरत होता की त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. अध्यक्षांनी बाईंना विचारलं, हे वर्षभर का लपवलंत? बाई म्हणाल्या, “मी यांना सांभाळत होते. पेशंटला सांभाळायला हवं होतं.”

परिषदेच्या नोंदवहीतून माझं नाव काढा, असं डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. बाईंना लेखी समज मिळाली. सतराही पेशंटना खरं काय ते कळवायचं, असंही ठरलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर दोघं बसले. रिक्षा यायची होती. बाईंना वाटलं, आता रागावतील, निदान तोंड तरी फिरवतील. तसं काहीच झालं नाही. गुडघ्यावरचा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवत त्यांनी हळूच विचारलं, “पोस्टमास्तरांची दाढ तरी माझीच आहे ना गं?”

आत तीन माणसांसमोर एक अक्षर खोटं न बोललेल्या बाई म्हणाल्या, “हो. ती तुमचीच आहे.”

“बरं झालं,” ते म्हणाले.

यादीत दुसरंच नाव पोस्टमास्तरांचं होतं, आणि डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली होती.