बदकाचा आवाज

राजाबाईला आवाज काढायला कुणी शिकवलं नव्हतं. ते बंद करायला मात्र पुष्कळांनी शिकवलं. पाटण तालुक्यातल्या तिच्या गावात, नऊ वर्षांची असताना, तिने एस.टी.चा हॉर्न असा हुबेहूब वाजवला की आठ माणसं गाठोडी उचलून पाणंदीने धावत सुटली. त्यातल्या एकाची दाढी अर्धीच झाली होती. लग्नानंतर एकदा सासूच्या आवाजात तिने म्हशीला हाक मारली, तर म्हैस आलीच, शिवाय सासरेही आले. त्या दिवसापासून घरात तिला मोठ्याने बोलायची बंदी झाली आणि ती बारीक आवाजात सगळ्या गावाच्या नकला करू लागली.

नवरा आप्पा वाशीच्या मार्केटात माथाडी होता. त्याच्यामागोमाग ती कोपरखैरण्याला आली आणि रशिदाभाभींच्या घरी भांडी-लादीला लागली. दोन खोल्यांचं घर. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, मध्ये फुलाफुलांचा पडदा. रशिदाभाभी मूळच्या म्हसळ्याच्या, बी.ए. झालेल्या आणि काळजी करण्यात एम.ए. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की त्या गॅस बंद करत. एकदा तिन्ही शिट्ट्या राजाबाईच्याच निघाल्या आणि सगळ्यांनी कच्ची डाळ खाल्ली. भाभींनी तिला काढून टाकलं नाही. "निदान कुकर तरी शाबूत आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

भाभींच्या काळजीचं मुख्य कारण होतं बासित. वय वर्षं सात, इंग्रजी शाळेत दुसरी, आणि वाचता एक अक्षर येत नव्हतं. भाभी त्याला वर्षभर रोज शिकवत होत्या. पण त्यांनी पुस्तक उघडलं की मुलगा कान पाडून बसायचा. त्यांचा आवाज चढायचा, मग रडायला यायचं, कधी त्याला, कधी त्यांना. शेवटी शाळेच्या वैजयंती मॅडमनी सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्वतः बसून बघेन. एक पान वाचून दाखवलं तर दुसरीत. नाहीतर पहिलीत, बहिणीच्या वर्गात."

बहीण म्हणजे अफिफा. सहा वर्षांची. तिने दुसऱ्याच दिवशी आपल्या बाकावर मधोमध खडूने रेघ मारून ठेवली आणि घरी येऊन भावाला सांगितलं, "खिडकीची बाजू माझी. तू रेघेच्या इकडे यायचं नाही." त्या रात्री बासित जेवला नाही.

तेव्हा भाभींचे नवरे, न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात असलेले कासिमभाई, यांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. ज्या घरात कॉम्प्युटर येई त्या घरात माणसं हळू बोलत. वाशीच्या दुकानात दुकानदाराने इंग्रजी वाचायला शिकवणारी सीडी लावून दाखवली. पडद्यावर चष्मा लावलेलं एक पिवळं बदक होतं. एक अक्षर यायचं, बदक चोच उघडायचं आणि आतून कुणी गोरी बाई नाकातून त्या अक्षराचा आवाज सांगायची. बरोबर बटण दाबलं की बदक नाचायचं, चुकलं की पाण्यात पडायचं. भाभी तासभर ते बघत होत्या. राजाबाई पिशवी धरून मागे उभी होती. तिने बदकाकडे फारसं पाहिलं नाही. ऐकलं मात्र सगळं.

कॉम्प्युटर घरी आला. भाभींनी लग्नातल्या दुपट्ट्याचं झालरीचं कव्हर शिवलं. तो तापू नये म्हणून घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्याकडे वळला आणि माणसं घामाघूम बसू लागली. खोलीत चपला बंद. वरच्या मालतीबाई बघायला आल्या त्या पाय धुऊन आणि हातात नारळ घेऊन. पण बटण दाबलं तर बदकाने चोच उघडली, मिटली, उघडली, मिटली. आवाज काहीच नाही.

"साऊंड कार्ड यायचंय," दुकानदार फोनवर म्हणाला. "पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यातही तो तेच म्हणाला.

"अम्मी, हे बदक मुकं आहे," बासित म्हणाला आणि खुर्चीवरून उतरला. मुक्या बदकासाठी तो बोट उचलायला तयार नव्हता. भाभी म्हणाल्या, मी सांगते आवाज. त्यांनी तोंड उघडताच त्याचे कान पडले.

भाभी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या. परीक्षेला सहा आठवडे राहिले होते. राजाबाई कढई घासत होती. तिला वाईट वाटलं. वाईट वाटलं की तिला आवाज फुटायचा. कढईवरचा हात न थांबवता ती नाकातून बोलली आणि वाशीच्या दुकानातली गोरी बाई स्वयंपाकघरात अवतरली. शेवटी बदकाच्या नाचाचं संगीतसुद्धा झालं.

भाभी वळल्या. "राजाबाई, तुम्ही?"

"न्हाय वं भाभी. बदाक."

ठरलं ते असं. कॉम्प्युटरचं टेबल पडद्याला लावायचं. बासित पडद्याकडे तोंड करून बसणार. त्याच्या पाठीमागे हॉलच्या भिंतीला आरशाचं कपाट होतंच. राजाबाईने स्वयंपाकघरात उभं राहून पडद्याच्या फटीतून त्या आरशात बघायचं. आरशात कॉम्प्युटरचा पडदा दिसे, जे अक्षर येईल त्याचा आवाज तिने काढायचा. मुलं शाळेत असताना दोन दुपारी भाभींनी तिला त्याच फटीतून, आरशातच, अक्षरं दाखवली. राजाबाईला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं, इंग्रजीचं तर नावच नको. पण ती अक्षरांकडे माणसांसारखं बघायची. डावीकडे पोट सुटलेला तो ब, उजवीकडे सुटलेला तो ड. आरशात सगळं उलटं दिसतं हे भाभींच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. राजाबाईचं सगळं पाठ झालं होतं. पुढे कोपरखैरण्याच्या रस्त्यावर एवढ्या इंग्रजी पाट्यांतली एकच तिला झटकन वाचता आली. ती ॲम्ब्युलन्सच्या नाकावरची, उलटी लिहिलेली.

पहिल्या दिवशी बदकाने चोच उघडली आणि पडद्यामागून आवाज आला, "म्‌."

बासित दचकला. त्याने बदकाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. बदक नाचलं. संगीत वाजलं, त्यात मागे ताटलीची किंचित किणकिण होती.

रोज तासभर. हळूहळू आवाज जोडून शब्द व्हायला लागले, मॅट, कॅट, हॅट. भाभी हॉलच्या कोपऱ्यात तसबीचे मणी फिरवत बसत. राजाबाईला वाटे, नुसतं म्‌ आणि त्‌ काय करायचं, पोराला बरं वाटेल असं काही बोलावं. म्हणून धडा सुरू व्हायच्या आधी गोरी बाई नाकातून विचारू लागली, "बासित, डबा खाल्लास का?"

"अर्धा," बासित बदकाला सांगे.

"का बरं? भेंडी होती का?"

"हो."

"उद्या बटाटा सांगते हां."

आणि दुसऱ्या दिवशी डब्यात बटाटा असे. भाभींना यातलं काही दुकानात ऐकल्याचं आठवत नव्हतं, पण त्या बटाटे चिरायला घेत. राजाबाईला मिसरी लावायची सवय होती, त्यामुळे बदकाला अधूनमधून खोकला येई. एकदा झुरळ पायावरून गेलं तेव्हा बदक "अगं आई गं" म्हणालं. मालतीबाईंनी जिन्यात भाभींना गाठलं. "तुमच्या कॉम्प्युटरला छातीचं काहीतरी झालंय का हो? पंख्याचं वारं बाधलं असेल."

भाभींना मात्र निराळीच काळजी लागली होती. बासित कॉम्प्युटरसमोर सरळ बसत नव्हता. मान डावीकडे कलती करून बसायचा, पूर्ण तासभर, खांद्याला कान टेकवून. त्या म्हणत, "सरळ बस." तो सरळ व्हायचा, मग बदक अडखळायचं, आणि पुन्हा मान डावीकडे. त्या त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी मान फिरवून पाहिली. "मान उत्तम आहे. उशी बदला." भाभींनी तीन उशा बदलल्या. मग तेलाचं मालिश लावलं, तेही राजाबाईच्याच हातून.

"दुखतंय का रं?" राजाबाई विचारी.

"नाही," बासित म्हणे.

दिवाळी झाली. बासित बदकासमोर धडाधड वाचू लागला. पण पुस्तक हातात दिलं, समोर माणूस बसलं, की कान पडत. परीक्षेच्या आदल्या दिवशी भाभी शाळेत गेल्या आणि पडलेल्या तोंडाने म्हणाल्या, "मॅडम, तो फक्त कॉम्प्युटरला वाचून दाखवतो."

वैजयंती मॅडमनी कोपऱ्याकडे पाहिलं. शाळेलाही एक कॉम्प्युटर मिळाला होता. दोन वर्षं तो थर्माकोलमध्येच होता, त्याला दोन दसऱ्यांचं हळदकुंकू लागलं होतं, आणि तो उघडायची कुणाची छाती नव्हती.

"मग तुमचा घेऊन या," मॅडम म्हणाल्या.

सकाळी आप्पा आला. त्याने डोक्यावर कपड्याची चुंबळ ठेवली, वर कॉम्प्युटरचा डबा आणि चालू लागला. साखरेची शंभर शंभर किलोची पोती वाहिलेला माणूस, पण असा घाबरून कधी चालला नव्हता. "वजन असलं की माल गप बसतो," तो म्हणत होता. "ह्याला वजनच न्हाय. ह्यो उडंल." मागे भाभी, कॉम्प्युटरला ऊन लागू नये म्हणून छत्री उंच धरून. त्यांच्यामागे हातगाडीवर उरलेलं सामान. त्याच्यामागे बासित आणि अफिफा. सर्वांत मागे राजाबाई, पोटाशी घडी केलेला लांब टेबलक्लॉथ धरून. सेक्टरातली दोन माणसं मिरवणूक समजून चपला काढून उभी राहिली.

मॅडम प्रार्थनेला गेल्या होत्या तेवढ्यात टेबलावर कॉम्प्युटर बसला आणि टेबलाखाली राजाबाई. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत आला. तो अंगावर पडला तेव्हा राजाबाईच्या लक्षात आलं की इथे आरसा नाही. तिला दिसत होते ते फक्त पाय. भाभींचे, सारखी जागा बदलणारे. थोड्या वेळाने मॅडमच्या टाचांच्या चपला. आणि बासितचे काळे बूट, जमिनीपासून वीतभर वर लोंबकळणारे.

"भाभी," ती कुजबुजली, "मला काय दिसंना."

"गप बसा," भाभींचे पाय म्हणाले.

कॉम्प्युटर सुरू झाला. वर पंखा खडखडत होता आणि टेबलक्लॉथ सारखा तिच्या तोंडात येत होता. मग एकाएकी पंखा थांबला. राजाबाईला बरं वाटलं. पोराच्या परीक्षेसाठी शांतता केली असणार, तिने विचार केला. वीज गेली आहे, बदक गेलं आहे, समोर नुसती काळी काच आहे, हे तिला कुठून कळणार?

वर कुणीच बोलेना. सहा आठवडे ह्या शांततेला एकच अर्थ होता, की बदकाची पाळी आली. राजाबाई नाकातून म्हणाली, "बासित, डबा खाल्लास का?"

मॅडमच्या चपला एक पाऊल मागे गेल्या.

"अजून मधली सुट्टी नाही झाली," बासित म्हणाला.

"बंद आहे ना हा?" मॅडमचा आवाज आला. भाभींचे पाय आता एकमेकांवर चढले होते. मग कागदाची सळसळ झाली. "बरं. हे पान वाच."

काळे बूट हलले नाहीत. राजाबाईला तिथूनही कळलं की त्याचे कान पडले आहेत. तिला आरसा नव्हता, अक्षर नव्हतं, काही नव्हतं. ती उगाचच म्हणाली, "म्‌." काहीच होईना म्हणून म्हणाली, "ब्‌." मग घाबरून, "ड्‌." मग खोकली.

बूट जमिनीला लागले. टेबलक्लॉथच्या काठाशी दोन गुडघे टेकले आणि कापडापलीकडून, अगदी तिच्या कानाशी, बासित हळू बोलला.

"तू थांब. इथे आरसा नाही ना, तुला दिसत नाहीये. मी वाचतो, तू ऐक."

राजाबाईच्या डोळ्यांसमोर आली ती त्याची मान. रोज तासभर डावीकडे कललेली. तो सरळ बसला की त्याचं डोकं आरशाच्या आड यायचं. त्या मानेला ह्याच हातांनी तिने महिनाभर तेल चोळलं होतं.

बासितने वाचलं. एकेक अक्षर फोडून, जोडून, टेबलाकडे तोंड करून, अडाण्याला समजावं इतक्या सावकाश. एका शब्दाला अडला. कुणी काही सांगितलं नाही. तो परत मागे गेला, तुकडा तुकडा म्हणाला आणि पार झाला. पान संपलं तेव्हा टेबलाखालून बदकाच्या नाचाचं संगीत वाजलं. ते राजाबाईला आवरलंच नाही, आणि शेवटी जरा ओलंही झालं.

"दुसरीत," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी शिपायाला हाक मारली. "तीन चहा आण. एक टेबलाखाली दे."

दाराशी उभी असलेली अफिफा रुसून वर्गात गेली आणि तिने ओल्या बोटाने बाकावरची रेघ पुसली. खिडकीच्या बाजूला बसायचा आनंद तिला आता उरला नव्हता.

पुढच्या आठवड्यात खरोखरच साऊंड कार्ड आलं. दुकानदाराने ते बसवलं, दोन स्पीकर लावले, आणि बदकातून दुकानातली गोरी बाई बोलली, स्वच्छ, खणखणीत, जराही न खोकता. भाभींनी अल्लाचे आभार मानले. राजाबाई कढई घेऊन मोरीकडे वळली.

"ही डब्याचं विचारत नाही," बासित म्हणाला.

त्याने स्पीकरचं बटण फिरवून बंद केलं, खुर्ची टेबलाला सरकवली आणि मान डावीकडे कलती करून बसला. पडद्यामागे कढई खाली ठेवल्याचा आवाज झाला.